जांभ्या मातीतले निकेल : सुलावेसीच्या खाणींचा इतिहास

इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या पूर्वेकडच्या दोन भुजा मुळात समुद्रतळाच्या आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूपट्टांच्या रेट्याने महासागराखालचा खडक वर उचलला गेला आणि बेटाला येऊन चिकटला. या काळसर हिरव्या, जड खडकाला पेरिडोटाइट म्हणतात. त्यात लोह आणि मॅग्नेशियम भरपूर असते, निकेल मात्र हजार भागांत दोन-तीन भाग. एवढ्याशा धातूसाठी कोणी डोंगर फोडत नाही. पण विषुववृत्ताजवळच्या धो धो पावसाने आणि उष्णतेने हा खडक लाखो वर्षे कुजत राहिला. मॅग्नेशियम आणि सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, लोह वरच्या थरात मागे राहिले आणि निकेल हळूहळू खाली झिरपून साठत गेले. मूळ खडकाच्या पाच ते दहापट निकेल आता या लाल मातीत आहे.

कोकणातल्या वाचकाला ही क्रिया वेगळी समजावून सांगायला नको. घराच्या भिंतीतला जांभ्याचा चिरा अशाच कुजण्यातून बनलेला असतो. सुलावेसीची लाल माती आणि रत्नागिरीचा कातळ एकाच कुळातले. फरक फक्त खालच्या खडकाचा. कोकणात मुख्यतः बेसाल्ट कुजला, म्हणून तिथल्या जांभ्यातून कुठे बॉक्साइट मिळाले, निकेल मिळाले नाही. सुलावेसीत पेरिडोटाइट कुजला. तिथल्या जांभ्याचे दोन थर पडतात. वरचा लोहयुक्त, पिवळसर तांबडा थर लिमोनाइटचा. त्यात निकेल एक-दीड टक्का. त्याखाली अर्धवट कुजलेल्या खडकाचा, हिरवट झाक असलेला सॅप्रोलाइटचा थर. त्यात दीड-दोन टक्के, कधी त्याहूनही अधिक. जगातल्या जमिनीवरच्या निकेलचा निम्म्याहून अधिक साठा अशा जांभ्यात आहे, आणि हा जांभा बहुतेक करून उष्ण प्रदेशांत, म्हणजे इंडोनेशिया, फिलिपाइन्स, न्यू कॅलेडोनिया आणि क्यूबा यांसारख्या भागांत आहे.

इथे एक तांत्रिक अडचण आहे, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. कॅनडातील सडबरी किंवा रशियातील नोरिल्स्क येथले निकेल गंधकाशी जोडलेल्या खनिजात असते. ते खनिज दळून, पाण्यात फेस करून वेगळे काढता येते. भट्टीत जाते ते फक्त कसदार चूर्ण. जांभ्यातले निकेल मातीच्या कणाकणात मुरलेले असते. ते दळून किंवा चाळून वेगळे होत नाही. एक टन निकेल हवे असेल तर साठ टनांहून अधिक माती वाळवायची, भाजायची आणि सगळीच्या सगळी वितळवायची. त्याला प्रचंड वीज आणि इंधन लागते. त्यामुळे खनिज एकाच्या जमिनीत आणि भट्टी दुसऱ्याच्या देशात, असे वाटप उष्ण प्रदेशांच्या नशिबी फार लवकर आले.

सुलावेसीच्या लोकांना या मातीतल्या धातूची ओळख मात्र निकेल या शब्दाच्या कितीतरी आधीपासून होती. बेटाच्या मध्यभागी मातानो नावाचे सरोवर आहे. त्याची खोली जवळपास सहाशे मीटर भरते. त्याच्या काठावर लोखंड गाळण्याच्या जुन्या भट्ट्यांचे अवशेष पुरातत्त्वज्ञांना सापडले आहेत. ते लोखंड डोंगर उतरून लुवू राज्याच्या बंदरांत येई आणि तिथून जावाला जाई. १३६५ मध्ये रचलेल्या ‘नागरकृतागम’ या जावाच्या राजकाव्यात मजापहित साम्राज्याशी जोडलेल्या प्रदेशांमध्ये लुवूचे नाव येते. जावाचे लोहार कट्यारी घडवताना साध्या लोखंडाच्या पट्ट्यांमध्ये लुवूच्या लोखंडाच्या पट्ट्या घालून त्या पुन्हा पुन्हा दुमडत आणि ठोकत. शेवटी पाते लिंबाचा रस आणि सोमल यांनी धुतले, की साधे लोखंड काळे पडे आणि निकेल असलेले पांढरेच राही. काळ्या पात्यावर चंदेरी लाटा उमटत. या नक्षीला ‘पामोर’ म्हणतात, आणि ‘पामोर लुवू’ हे नाव जावात टिकून राहिले. धातूचे रसायन त्या लोहारांना माहीत नव्हते, पण मालाची पारख पक्की होती.

युरोपात निकेल स्वतंत्र मूलद्रव्य म्हणून ओळखले गेले ते १७५१ मध्ये, स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट यांच्या प्रयोगांतून. पुढची शंभर वर्षे त्याचा उपयोग नाणी आणि चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूंपुरताच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन घटना घडल्या. १८६० च्या दशकात फ्रेंच अभियंता ज्यूल गार्निये यांना न्यू कॅलेडोनियात हिरवे निकेल-खनिज सापडले, आणि १८८३ मध्ये कॅनडात रेल्वेमार्ग खणताना सडबरीचा साठा उघडा पडला. पोलादात निकेल मिसळले तर ते चिवट होते हे कळल्यावर नौदलांना चिलखती पत्र्यांसाठी ते हवेसे झाले. १९०२ मध्ये इंटरनॅशनल निकेल कंपनी, म्हणजे पुढे ‘इंको’ म्हणून ओळखली गेलेली कंपनी स्थापन झाली. विसाव्या शतकाचा बराच काळ जगाचा निकेल बाजार तिच्या हातात होता.

सुलावेसी तेव्हा डचांच्या ताब्यात होते आणि त्याला सेलेबिस म्हणत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत डच भूवैज्ञानिक आबेन्दानोन यांनी बेटाच्या अंतर्भागाचे सर्वेक्षण करून मोठा अहवाल प्रसिद्ध केला, आणि निकेलचा पट्टा नकाशावर आला. प्रत्यक्ष उत्खनन सुरू झाले ते १९३० च्या दशकात, बोने आखाताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पोमालाआ येथे. माल कच्चाच जहाजात भरून जपानला जाई. १९४२ मध्ये जपानने बेट जिंकले आणि युद्धासाठी त्याच खाणी चालवल्या. खरेदीदार मालक झाला, एवढाच बदल. युद्ध संपल्यावर खाणी बंद पडल्या.

१९४५ मध्ये स्वतंत्र झालेल्या इंडोनेशियाने आपल्या संविधानाच्या ३३ व्या कलमात जमीन, पाणी आणि त्यातली नैसर्गिक संपत्ती राज्याच्या ताब्यात राहील आणि लोकांच्या जास्तीत जास्त भरभराटीसाठी वापरली जाईल, असे लिहून ठेवले. दक्षिण सुलावेसीत मात्र १९५० ते १९६५ या काळात काहार मुझक्कर यांचे बंड धुमसत होते. मातानो सरोवराच्या परिसरातली गावे जळाली आणि माणसे जीव मुठीत धरून डोंगरापलीकडे पांगली. त्यांत कारोन्सिए दोंगी नावाचा छोटा समाज होता. परिस्थिती निवळली की परत येऊ, या भरवशावर ते गेले होते.

ते परतले तेव्हा जमिनीचा कागद दुसऱ्याच्या नावावर झाला होता. सुकार्नो यांच्या पाडावानंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तो सरकारची तिजोरी रिकामी होती. १९६७ च्या सुरुवातीला परकीय गुंतवणुकीचा कायदा झाला आणि पाठोपाठ खाणकंपन्यांशी करार होऊ लागले. २७ जुलै १९६८ रोजी इंकोच्या इंडोनेशियातील कंपनीबरोबर करार झाला. त्यात सुलावेसीचे सुमारे ६६ लाख हेक्टर क्षेत्र कंपनीला शोधासाठी मिळाले, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या एक पंचमांशाहून अधिक. पुढे टप्प्याटप्प्याने बहुतेक भाग परत केला गेला आणि २०१० च्या दशकात १ लाख १८ हजार हेक्टर उरले. पण सर्वांत कसदार जमीन कोणती, हे शोधून झाल्यावरच बाकीची सोडली गेली.

मातानोच्या काठावरचे सोरोवाको हे मासेमारी आणि भातशेतीचे गाव कारखान्याची जागा ठरले. मालिली बंदरापासून डोंगरात रस्ता काढण्यात आला आणि यंत्रसामग्री तुकड्यातुकड्यांनी वर चढवली गेली. काम चालू असतानाच १९७३ चे तेलसंकट आले. तेलावर भट्ट्या चालवण्याचे गणित कोलमडले. सरोवरांच्या साखळीतून निघणाऱ्या लारोना नदीवर धरण बांधून १६५ मेगावॉट वीज काढण्याचे काम मग प्रकल्पाचा कणा बनले. ही जलविद्युत पुढच्या अर्धशतकात सोरोवाकोची सर्वांत मोठी जमेची बाजू ठरली, कारण इथले निकेल इंडोनेशियातल्या कमी कोळसा जाळणाऱ्या निकेलमध्ये मोडते. ३१ मार्च १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी उद्घाटन केले, आणि १९७८ पासून व्यापारी उत्पादन सुरू झाले. माती आधी मोठ्या फिरत्या नळकांड्यांत वाळवली आणि गंधक मिसळून भाजली जाते, मग विद्युतभट्टीत वितळते, शेवटी हवा फुंकून लोह कमी केले जाते. हाती येतो ‘मॅट’ नावाचा राखी दाणेदार पदार्थ. त्यात सुमारे ७८ टक्के निकेल असते. तो अजून पूर्ण शुद्ध धातू नव्हे. अंतिम शुद्धीकरणासाठी मॅट जपानला जाई. कच्ची माती निर्यात करण्यापेक्षा ही पायरी नक्कीच वरची होती, पण शेवटची पायरी अजूनही समुद्रापलीकडेच होती.

गावाचे काय झाले, याचे उत्तम चित्रण ऑस्ट्रेलियन मानववंशशास्त्रज्ञ कॅथरिन रॉबिन्सन यांनी १९८६ च्या ‘स्टेपचिल्ड्रन ऑफ प्रोग्रेस’ या ग्रंथात केले आहे. गावाची सर्वांत सुपीक भातखाचरे कंपनीच्या वसाहतीखाली आणि धावपट्टीखाली गेली. दिलेली नुकसानभरपाई गावकऱ्यांना इतकी तुटपुंजी वाटली, की तिच्यावरून वर्षानुवर्षे वाद चालला. हुद्द्याप्रमाणे घरांच्या वेगवेगळ्या वसाहती उभ्या राहिल्या. परदेशी अधिकारी एका बाजूला, बाहेरून आलेले कुशल कामगार दुसऱ्या बाजूला, आणि मूळ गावकरी बांधकाम संपताच बहुधा बेकार. दोंगी कुटुंबांच्या जुन्या गावठाणाच्या काही भागावर कंपनीचे गोल्फ मैदान तयार झाले. आपल्या पूर्वजांच्या थडग्यांजवळ राहण्याचा हक्क मागत ही कुटुंबे त्या मैदानाशेजारी झोपड्या बांधून राहिली. ३३ व्या कलमातले ‘लोक’ या शब्दात ही माणसे मोडत होती की नाही, हा प्रश्न त्या करारात कुठेच आला नाही.

१९६८ मध्येच सरकारी खाणी एकत्र करून ‘अनेका तांबांग’ ही कंपनी स्थापन झाली. तिने पोमालाआची जबाबदारी घेतली आणि १९७० च्या दशकात तिथे फेरोनिकेलचा, म्हणजे लोह-निकेल मिश्रधातूचा, कारखाना उभारला. पण देशाच्या बहुसंख्य निकेलचा प्रवास कच्च्या मातीच्या स्वरूपातच होत राहिला. १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले. जकार्ताची पकड सुटली आणि २००१ पासून जिल्हाप्रमुखांकडे खाण परवाने देण्याचे अधिकार आले. नेमक्या त्याच काळात चीनची पोलादाची भूक वाढत होती. २००७ च्या मे महिन्यात लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव टनाला ५०,००० डॉलरच्या वर गेला. शुद्ध निकेल परवडेना, तेव्हा चिनी कारखानदारांनी एक वेगळी वाट काढली. हलक्या प्रतीची जांभी माती थेट भट्टीत टाकून निकेलयुक्त कच्चे लोखंड काढायचे आणि तेच स्टेनलेस स्टीलमध्ये वापरायचे. शुद्धीकरणाची पायरीच गाळून टाकल्यामुळे हे निकेल स्वस्त पडू लागले.

त्यासाठी माती हवी होती, आणि ती सुलावेसी, त्याच्या पूर्वेकडचे हालमाहेरा बेट आणि फिलिपाइन्स इथे होती. किनाऱ्याकिनाऱ्याने परवान्यांचा पूर आला. सगळ्या खनिजांचे मिळून देशभरात दहा हजारांच्या आसपास परवाने झाले. कित्येकांच्या हद्दी एकमेकांवर चढलेल्या होत्या. आग्नेय सुलावेसीच्या एका गव्हर्नरला निकेल परवान्यातील भ्रष्टाचारासाठी पुढे २०१८ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. या धंद्याला भांडवल फारसे लागत नव्हते. दोन-चार उत्खनक यंत्रे, ट्रक, खाडीच्या तोंडाशी भराव घालून केलेला धक्का आणि तिथून पडाव. पावसाळ्यात उघड्या डोंगरांवरचा लाल चिखल खाडीत उतरे आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना माशांऐवजी गाळ लागे. २०१३ मध्ये इंडोनेशियातून सुमारे सहा कोटी टन निकेल-माती बाहेर गेली. हा आकडा एवढा फुगला, कारण दार बंद होणार असल्याची कुणकुण सर्वांना लागली होती.

दार बंद करण्याची तरतूद २००९ च्या खाण कायद्यात होती. पाच वर्षांत खनिजावर देशातच प्रक्रिया करा, नाहीतर निर्यात बंद, असे त्यात म्हटले होते. कंपन्यांना वाटले, हे कागदावरच राहील. १२ जानेवारी २०१४ रोजी ते अमलात आले. पहिला फटका देशालाच बसला. खाणी थांबल्या, हजारो कामगार घरी बसले, परकीय चलन आटले. चीनने तात्पुरती गरज फिलिपाइन्सच्या मातीवर भागवली. पण ज्याला हा कायदा खरा वाटला होता, असा एक उद्योगपती आधीच सुलावेसीत येऊन पोचला होता.

त्याचे नाव श्यांग ग्वांगदा, आणि त्याची वेन्झौ शहरातून वाढलेली कंपनी त्सिंगशान. तिने इंडोनेशियातल्या बिंतांग देलापान या समूहाबरोबर भागीदारी केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग जकार्ताला आले असताना मोरोवाली औद्योगिक वसाहतीचा करार झाला. मोरोवाली जिल्ह्यातील बाहोदोपी तालुक्याच्या किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत ही वसाहत उभी राहिली. पहिल्या भट्टीचे उद्घाटन मे २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्या हस्ते झाले. पुढच्या आठ-नऊ वर्षांत तिथे भट्ट्यांच्या रांगा, खासगी बंदर, विमानतळ आणि कोळशावरची वीजकेंद्रे उभी राहिली. कामगारांची संख्या लाखाच्या दिशेने गेली.

मोरोवालीच्या स्वस्ताईचे गमक सरळ आहे. खाण दारात, बंदर दारात, कोळसा शेजारच्या कालिमांतानमधून बोटीने येणारा. भट्टीतून निघालेले तापलेले निकेल-लोखंड थंड करून विटा पाडण्याऐवजी ते तसेच वितळलेल्या अवस्थेत शेजारच्या स्टेनलेस स्टीलच्या कारखान्यात ओतले जाते. पुन्हा तापवण्याचा खर्च वाचतो. त्यावर सरकारची दीर्घ मुदतीची करमाफी. ज्या देशात स्टेनलेस स्टील जवळजवळ बनतच नव्हते, तो दशकभरात त्याच्या मोठ्या उत्पादकांत गणला जाऊ लागला.

२०१७ मध्ये सरकारने निर्यातबंदी थोडी सैल केली आणि हलक्या प्रतीची माती पुन्हा बाहेर जाऊ लागली. मात्र १ जानेवारी २०२० पासून बंदी पुन्हा पूर्ण लागू झाली. ठरलेल्या मुदतीच्या दोन वर्षे आधी. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला. इंडोनेशियाने अपील केले, आणि अपील ऐकणारे मंडळ सदस्यांअभावी बंद पडलेले असल्याने प्रकरण तिथेच अडकले. विडोडो यांनी देशात या तक्रारीची तुलना वसाहतवादाशी केली. ज्या बेटावरून इतकी वर्षे कच्चा माल बाहेर गेला, तिथे या बोलण्याला अर्थ होता. सरकार सांगत असलेले आकडेही ठसठशीत होते. बंदीपूर्वी कच्च्या मातीतून वर्षाला एखादा अब्ज डॉलर मिळत, ते निकेलच्या पक्क्या मालातून २०२२ पर्यंत तीस अब्जांच्या वर गेले.

दरम्यान विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आणि त्यांच्या बॅटऱ्यांना निकेल लागू लागले, तेही शुद्ध. भट्टीतले निकेल-लोखंड त्याला चालत नव्हते. इथे जुन्या एका पद्धतीला नवे महत्त्व आले. क्यूबातील मोआ येथे १९५९ मध्ये अमेरिकी कंपनीने लिमोनाइट माती बंद पात्रात, सुमारे अडीचशे अंश तापमानाला, प्रचंड दाबाखाली गंधकाम्लात विरघळवण्याचा कारखाना सुरू केला होता. पुढच्याच वर्षी क्यूबाच्या क्रांतिकारी सरकारने तो ताब्यात घेतला. नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी या पद्धतीने अनेकांचे हात पोळले. गंजणारी पात्रे, अवाढव्य खर्च, लांबणारे वेळापत्रक. चिनी अभियंत्यांनी ती इंडोनेशियात तुलनेने स्वस्तात आणि वेगाने बसवली. २०२१ मध्ये ओबी बेटावरचा पहिला कारखाना चालू झाला, पाठोपाठ मोरोवालीचे. आतापर्यंत टाकाऊ म्हणून बाजूला सारलेला वरचा थर एकाएकी मोलाचा ठरला. मात्र या पद्धतीत एक टन निकेलमागे शंभर टनांच्या घरात आम्लयुक्त गाळ उरतो. तो खोल समुद्रात सोडण्याचे प्रस्ताव आले; विरोधानंतर सरकारने ते थांबवले. आता हा गाळ जमिनीवर साठवला जातो, तोही सततच्या पावसाच्या आणि भूकंपांच्या प्रदेशात.

मार्च २०२२ मध्ये साऱ्या जगाला या बेटाची ताकद कळली, पण वेगळ्याच रीतीने. भाव पडतील या अंदाजाने श्यांग यांनी लंडनच्या बाजारात निकेल विकण्याचे मोठे सौदे करून ठेवले होते. युक्रेन युद्धामुळे रशियन निकेलची धास्ती पसरली, आणि ८ मार्चला भाव काही तासांत दुपटीहून अधिक चढून टनाला १,००,००० डॉलरच्या पलीकडे गेला. बाजाराने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशीचे सौदे रद्द केले. श्यांग यांचा अंदाज अखेर खरा ठरला. इंडोनेशियातून लोंढ्यासारखे येणारे निकेल बाजार पेलू शकला नाही. २०२३ च्या सुरुवातीला ३०,००० डॉलरच्या आसपास असलेला भाव वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आला.

या वेगाची किंमत बाहोदोपीत रोज मोजली गेली आहे. काही हजार वस्तीच्या मासेमारी गावांवर अल्पावधीत दाट बकाल वस्ती चढली. भाड्याच्या खोल्यांच्या चाळी, पाण्याची टंचाई, दोन पाळ्यांच्या मध्ये तासन्‌तास अडकणाऱ्या मोटारसायकलींच्या रांगा. खासगी वीजकेंद्रांचा धूर आणि भट्ट्यांची धूळ यांमुळे श्वसनाचे विकार स्थानिक आरोग्यकेंद्राच्या यादीत सर्वांत वर राहिले. जानेवारी २०२३ मध्ये शेजारच्या उत्तर मोरोवालीतील एका भट्टी कारखान्यात सुरक्षेच्या मागण्यांवरून सुरू झालेल्या संपाचे दंगलीत रूपांतर झाले. त्यात एक इंडोनेशियन आणि एक चिनी असे दोन कामगार मारले गेले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या पहाटे, मोरोवालीत एका बंद भट्टीची दुरुस्ती चालू होती. आत उरलेली तप्त मळी बाहेर आली, आग लागली आणि जवळच्या ऑक्सिजनच्या टाक्यांचा स्फोट झाला. जखमी पुढचे कित्येक दिवस दगावत राहिले. मृतांचा आकडा २१ वर गेला. त्यात दोन्ही देशांचे कामगार होते. हे अपघात घाईचे आहेत. भट्टी पूर्ण निवण्याआधी माणसे तिच्याजवळ पाठवली जातात, तेव्हा त्याला नशिबाचा खेळ म्हणता येत नाही.

पैशाचा हिशेबही आकड्यांइतका साधा नाही. भट्ट्या इंडोनेशियात आल्या, पण २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार शुद्धीकरण क्षमतेच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर चिनी कंपन्यांचे नियंत्रण होते. करमाफीमुळे नफ्यातला सरकारचा वाटा बराच काळ तोकडा राहणार. हालमाहेरा ज्या उत्तर मालुकू प्रांतात येते, त्याची अर्थव्यवस्था २०२२ मध्ये २० टक्क्यांहून अधिक वाढली, पण मोरोवाली ज्या मध्य सुलावेसी प्रांतात आहे, तिथले गरिबीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्तच राहिले. याचा अर्थ धोरण फसले असा होत नाही. कच्ची माती विकण्यापेक्षा भट्टी दारात आणणे योग्यच होते, आणि तो निर्णय सुलावेसीला तीस वर्षे आधी पाहायला मिळायला हवा होता. चुकले ते हे, की भट्टी आणण्याच्या घाईत वीज कोणती, गाळ कुठे आणि मजुराचा जीव कोणाच्या भरवशावर, हे प्रश्न नंतरसाठी ठेवले गेले. १९६८ च्या करारातही हेच झाले होते.

दूरवरचे परिणाम तितकेच मोठे आहेत. स्वस्त निकेलपुढे टिकाव न लागल्याने न्यू कॅलेडोनियातील कोनियांबोची भट्टी २०२४ मध्ये विझवली गेली. तिथल्या कनाक लोकांच्या उत्तर प्रांताने आपल्या स्वावलंबनाची आशा त्या भट्टीवर बांधली होती. बीएचपी कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातले निकेलचे काम त्याच वर्षी थांबवले. भारताला लागणारे नवे निकेल बहुतांशी आयातच होते. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइट काढताना बाजूला पडणाऱ्या लिमोनाइट मातीत निकेल आहे, पण ते परवडेल अशा रीतीने काढणे अजून जमलेले नाही. गोव्यातील कुंकळ्ळीचा छोटा कारखाना हा देशातला निकेल उत्पादनाचा एकाकी अपवाद आहे.

सुलावेसीचा पुढचा प्रश्न आता मातीचाच आहे. भट्ट्यांची संख्या इतकी वाढली, की कसदार सॅप्रोलाइटचा थर अपेक्षेपेक्षा फार लवकर संपेल, असा इशारा तिथल्या खाण संघटनाच देऊ लागल्या. नवे साठे शोधत खाणी छोट्या बेटांकडे सरकल्या. पापुआतील राजा आम्पात हा द्वीपसमूह प्रवाळांसाठी जगप्रसिद्ध आहे. तिथल्या खाणींवरून लोकक्षोभ उसळला, तेव्हा जून २०२५ मध्ये सरकारला पाचपैकी चार कंपन्यांचे परवाने रद्द करावे लागले. सोरोवाकोत १९६८ चा करार संपला. कंपनी पुढे इंकोसह ब्राझीलच्या ‘वाले’ या समूहाकडे गेली आणि आता तिच्यात इंडोनेशियाच्या सरकारी कंपनीचा वाटा सर्वांत मोठा, ३४ टक्के आहे. नवा परवाना २०३५ पर्यंतचा आहे. आणि स्वतःची माती बाहेर जाऊ नये म्हणून जगाशी भांडलेल्या देशाच्या भट्ट्यांसाठी २०२४ मध्ये सुमारे एक कोटी टन निकेल-माती आयात झाली, जवळजवळ सगळी फिलिपाइन्समधून.